वीस मिनिटांची फेरी

देवयानीची बदली कोलकात्याहून नाशिकला झाल्याचं केयूरला तिच्या बँकेतल्या एका जुन्या ओळखीच्या माणसाकडून कळलं. संध्याकाळी त्यानं फोन लावला तेव्हा तिनं काही लपवलं नाही.

"मेअखेर निघतोय आम्ही," ती म्हणाली. "नूपुरची तिकडची शाळा जूनमध्ये सुरू होते. मी तुला कळवणारच होते."

"आणि माझे रविवार?"

"सुट्टीत पाठवीन ना. तिला यायचं असलं तर."

फोन ठेवून केयूर बराच वेळ गॅलरीत उभा राहिला. नूपुरला यायचं नसणार, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. कोर्टानं ठरवून दिलेले एकाआड एक रविवार, सकाळी दहा ते संध्याकाळी पाच, एवढ्या एका कागदावर ती तेरा वर्षांची मुलगी त्याच्या घरी येत होती. यायची, सोफ्याच्या टोकाला बसायची, कानांवर हेडफोन चढवायची आणि पाचाला पाच कमी असताना चपला घालून दाराशी उभी राहायची.

याचं कारण केयूरनं स्वतःच करून ठेवलेलं होतं. दोन वर्षांपूर्वी तो आणि देवयानी वेगळे झाले. ढाकुरियाचं घर सोडून त्यानं कसब्याला भाड्याचा फ्लॅट घेतला आणि नूपुरला मात्र सांगितलं, ऑफिसच्या कामासाठी बंगळूरला चाललोय. ती रोज फोनवर विचारायची, "बाबा, कधी येणारेस?" आणि तो म्हणायचा, "येतो गं, प्रोजेक्ट संपलं की." असं दीड महिना चाललं. मग एका शनिवारी ती मैत्रीण आणि तिच्या आईबरोबर एस्प्लनेडला खरेदीला गेली होती, तेव्हा मेट्रोच्या जिन्याशी तिला तो दिसला. एका हातात एग रोल होता, दुसऱ्या हातात मोबाइल, आणि मोबाइलमध्ये बघून तो हसत होता. तिनं हाक मारली नाही. मैत्रिणीनं विचारलं, "तुझे बाबा ना ते?" तर ती नाही म्हणाली. घरी जाऊन तिनं फोन केला. "बाबा, कुठे आहेस?" तो म्हणाला, "बंगळूरला, राणी. काय पाऊस पडतोय इथे!"

तेव्हापासून तिनं त्याला बाबा म्हणणं सोडलं. 'तू' म्हणणंही सोडलं. जन्मापासून ज्याला अरे-तुरे केलं, त्याला ती 'तुम्ही' म्हणू लागली. तुम्ही दार लावा. तुमचा फोन वाजतोय. बँकेच्या काउंटरवर अनोळखी माणसाशी बोलावं तसं. देवयानीच्या वकिलानं कोर्टात जे जे म्हटलं, त्यातलं काहीही केयूरला या एका शब्दाइतकं लागलं नव्हतं.

पुढच्याच रविवारी नूपुरचा निरोप आला. "मी शेवटचे सहाही रविवार क्लबला जाणारे. तुमच्याकडे येणार नाही."

"भांडू नकोस तिच्याशी," देवयानी म्हणाली. "तूच जा तिकडे आणि भेट."

क्लब बायपासच्या पलीकडे होता. माशांच्या जुन्या तळ्यांपैकी एका विस्तीर्ण तळ्याच्या पश्चिमेला पत्र्याची एक शेड, लाकडी धक्का आणि शिडाच्या दहा-बारा लहान बोटी. याच दोन वर्षांत नूपुर तिथे बोट चालवायला शिकली होती. ती कशी शिकली, कधी शिकली, केयूरला काही माहीत नव्हतं. तो धक्क्याच्या कडेला वर्तमानपत्र घालून बसला आणि लांबवर एका पांढऱ्या शिडाखाली, बोटीबाहेर पाठ झोकून बसलेली आपली मुलगी बघत राहिला. तिला एवढं मोठ्यानं हसताना त्यानं किती दिवसांत ऐकलं नव्हतं.

अर्ध्या तासानं शिकवणाऱ्या बाई त्याच्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. सुचित्रादी. पंचावन्नच्या आसपासच्या, उन्हानं रापलेल्या, एके काळी देशाकडून शर्यतींत उतरलेल्या. त्या केयूरशी हिंदीत बोलत, मध्येच बंगालीत शिरत.

"पालकांनी इथे बसायचं नाही. मुलांचं लक्ष जातं. गेटाबाहेर थांबा."

"मी कोपऱ्यात बसतो. बोलत नाही कुणाशी."

"बाहेर थांबा, नाहीतर शिका. तिसरं इथे काही नाही."

"शिकतो," केयूर म्हणाला.

त्यांनी त्याच्या पोटाकडे आणि चष्म्याकडे पाहिलं. "पोहता येतं?"

"येतं." पुण्यात शाळेत असताना यायचं. त्याला पंचवीस वर्षं होऊन गेली होती.

कोर्टाचा कागद बघितला तर सहातले तीनच रविवार त्याचे होते. पण शिकायला येणाऱ्या माणसाला कुणी अडवू शकत नव्हतं. म्हणजे सहाही आपले, असा हिशेब त्यानं मनाशी केला आणि त्या आठवड्यात ऑफिसात पहिल्यांदाच तो कुणावर खेकसला नाही.

नवशिक्यांच्या तुकडीत तो आणि कॉलेजातल्या दोन मुली, एवढेच होते. पहिल्या दिवशी लाइफ जॅकेटचे पट्टे उलटे बांधून तो धक्क्यावर आला तेव्हा त्यातल्या एकीनं नूपुरला बंगालीत विचारलं, "हे तुमच्याच भाषेत बोलतात ना? ओळखतेस?"

"आईच्या ओळखीचे आहेत," नूपुर म्हणाली आणि दोर गुंडाळू लागली.

तेरा वर्षं कोलकात्यात काढलेल्या केयूरला एवढं बंगाली कळत होतं.

बोट लहान होती, त्याच्या उंचीच्या जेमतेम अडीचपट. पाय ठेवला की अंग चोरायची, बसला की कलंडायची. डावीकडे वळायचं असेल तर सुकाणूचा दांडा उजवीकडे ढकलायचा, हे त्याला कळत होतं, पण हाताला कळत नव्हतं. शिडाच्या तळाशी एक आडवा दांडा असतो, त्याला बूम म्हणतात. वळताना तो बोटीच्या या बाजूचा त्या बाजूला येतो आणि त्या वेळी डोकं खाली घालायचं असतं. पहिल्या रविवारी तो केयूरच्या कपाळावर तीनदा बसला. बोटीचं नाक वाऱ्याच्या तोंडावर गेलं की शीड नुसतं फडफडायचं, बोट जागच्या जागी थांबायची आणि मग हळूहळू मागे सरकायला लागायची. तळ्याच्या मधोमध तो असा दहा-दहा मिनिटं उलटा वाहत बसे, आणि नूपुरची बोट त्याला वळसा घालून निघून जाई.

पण खरी पंचाईत दोराची होती. ज्या दोरानं शीड आवळायचं, तो हातात असतो. वारा जोरात आला की बोट कलते. "घाबरलात की हात उघडा," सुचित्रादी सांगत. "दोर सैल सुटला की शिडातला वारा जातो आणि बोट आपणहून सरळ होते. तुम्हाला काही करावं लागत नाही. नुसतं सोडायचं." केयूर मान डोलवायचा. आणि बोट कलली की त्याची मूठ आपोआप घट्ट व्हायची, पांढरी पडेपर्यंत. तिसऱ्या रविवारी तो नऊ वेळा पाण्यात पडला.

सातव्यांदा की आठव्यांदा, बोट कलायला लागली असताना जवळून आवाज आला, "दोर सोडा!"

नूपुर होती. महिन्याभरात ती आपणहून त्याच्याशी बोललेला हा पहिला शब्द. केयूरनं दोर सोडला नाहीच, वळून तिच्याकडे बघत राहिला आणि बघता बघता पाण्यात गेला. वर आला तोवर तिचं शीड लांब गेलं होतं. 'सोडा', ती म्हणाली होती. 'सोड' नव्हे.

घरी त्यानं डायनिंगच्या खुर्चीला कपडे वाळत घालायची दोरी बांधली. ओढायची, सोडायची. ओढायची, सोडायची. ऑफिसात मीटिंग चालू असताना टेबलाखाली त्याची मूठ उघडमीट करत राही. शेजारचा सहकारी एकदा म्हणाला, हाताला मुंग्या येत असतील तर डॉक्टरला दाखव.

चौथ्या रविवारी, बोटी बाहेर काढून झाल्यावर, त्यानं नूपुरला गाठलं.

"शेवटच्या रविवारी माझ्याबरोबर बोटीत येशील?"

"तुम्हाला येत नाही."

"तू चालव. मी नुसता बसेन. तू सांगशील तो दोर ओढेन."

"नको."

"एकदाच, नूपुर. तळ्याला एक फेरी."

"नको म्हटलं ना," ती म्हणाली. रागावली नव्हती. एखाद्या विक्रेत्याला म्हणावं तसं म्हणाली आणि पिशवी खांद्याला लावून गेली.

तो सुचित्रादींकडे गेला. तुम्ही सांगितलंत तर ती ऐकेल, म्हणाला. मग सगळंच सांगून टाकलं. बदली, कोर्ट, एस्प्लनेड, बंगळूर. त्या शेडच्या पायरीवर बसून सगळं ऐकत होत्या.

"ती नाही म्हणाली?"

"हो."

"मग नाही. बोटीत कुणाबरोबर बसायचं ते ज्याचं तो ठरवतो. पाण्यावर विश्वासाशिवाय दुसरं असतं काय? मी नाही सांगणार तिला."

पाचव्या रविवारी नूपुर आलीच नाही. सामान बांधायचं होतं. केयूर दिवसभर धक्क्यावर होता. येईल, अजून येईल, करत बसला. बोटीला हातसुद्धा लावला नाही त्यानं.

मग उरला तो सहावा. सव्वीस मे.

त्या दिवशी उकाड्यानं जीव नकोसा झाला होता. दक्षिणेचा वारा दुपारपर्यंत बरा वाहत होता, मग त्यालाही मरगळ आली. सुचित्रादींनी साडेतीनलाच सगळ्यांना बोटी बाहेर घ्यायला सांगितल्या. मे महिन्यातल्या दुपारचा भरवसा नसतो, वायव्येकडून कालबैशाखीचं वादळ कधी उठेल सांगता येत नाही. एकेक पोर शीड उतरवू लागलं. नूपुर दोन माणसांची बोट धक्क्याला बांधत होती. तिची जोडीदारीण लवकर घरी गेली होती.

केयूरनं घड्याळ पाहिलं. पावणेचार. पाचला देवयानी न्यायला येणार. शुक्रवारी विमान. सुचित्रादी शेडमध्ये फोनवर बोलत होत्या, त्यांची पाठ होती. वायव्येला उंच इमारतींच्या मागे एक काळसर रेघ होती. ती त्यानं पाहिली. हे नंतर त्यानं स्वतःपाशी कधी नाकारलं नाही. ती रेघ त्यानं पाहिली होती.

तो धक्क्याच्या टोकाशी गेला.

"दीदी म्हणाल्या, एक फेरी मारून या. मला पुढच्या शिडाचा दोर धरायला शिकव म्हणाल्या."

नूपुरनं मान वर केली. "आत्ता?"

"वीस मिनिटं. तुझा शेवटचा दिवस आहे म्हणून असेल."

तिनं शेडकडे पाहिलं. मग आकाशाकडे. दीदींचा शब्द म्हणजे तिथे वरची आज्ञा, कुणी उलटून विचारत नसे. "बसा," ती म्हणाली. "पाय मध्ये ठेवा."

पुढची बारा-पंधरा मिनिटं केयूर आयुष्यभर विसरणार नव्हता. नूपुर मागे सुकाणूवर, तो पुढे. "ओढा. थोडं. अजून. बास." तो ओढत होता. "आता सैल करा." तो करत होता. वळताना त्यानं डोकं वेळेवर खाली घातलं. धक्का लहान होत गेला, पाणी बोटीच्या पोटाशी खळखळू लागलं, आणि एका वळणानंतर, दोन्ही शिडं एकदम भरली तेव्हा, नूपुर आपल्याशीच म्हणाली, "मस्त." त्यानं मागे वळून पाहायचं धाडस केलं नाही. पाहिलं असतं तर तिला आठवलं असतं, पुढे कोण बसलंय.

मग वारा थांबला. कमी झाला नाही, थांबला. शिडं लोंबायला लागली. तळं काचेसारखं झालं, आणि त्या शांततेत धक्क्यावरून भोंगा वाजला. लांब, पुन्हा लांब. खांबावर लाल निशाण चढलं होतं. त्याच्याखाली एक ठिपका दोन्ही हात हलवत होता.

"दीदी बोलावतायत," नूपुर म्हणाली. "पण त्यांनीच पाठवलंय ना?"

केयूरनं हातातल्या दोराचा वेढा हाताभोवती घट्ट केला.

ती रेघ आता रेघ राहिली नव्हती. निम्मं आकाश पाटीसारखं काळं झालं होतं आणि त्याची कड उकळल्यासारखी त्यांच्याकडे सरकत होती. एकदम गार झुळूक आली, धुळीचा वास घेऊन. पश्चिम काठावरचे माड एका बाजूला वाकले.

"दोन्ही शिडं सोडायची," नूपुर भराभरा म्हणाली. "मी म्हटलं की तुमचा दोर पूर्ण सोडा. पूर्ण. कळलं?"

"कळलं."

वारा भिंतीसारखा आला. बोट एका झटक्यात कलली. नूपुरनं आपला दोर सोडला, मोठं शीड फडाफडा आपटू लागलं. "सोडा!" ती ओरडली. "सोडा! सोडा!" केयूरच्या हाताला दोराचे दोन वेढे होते आणि मूठ आवळलेली होती. तीन आठवडे खुर्चीशी केलेलं सगळं कुठे गेलं कोण जाणे. "बाबा, सोड ना! सोड!" त्याला ऐकू आलं. त्याला अगदी स्पष्ट ऐकू आलं. आणि तरी त्याची मूठ उघडली नाही.

तो पाण्याखाली गेला, वर आला, चष्मा गेलेला. बोट आडवी पडली होती, शीड पाण्यावर पसरलं होतं. डोलकाठीचं टोक तळाच्या गाळात रुतलं असावं, कारण बोट तशीच अडकून राहिली होती. नूपुर कुठे दिसत नव्हती.

"नूपुर!"

शिडाखाली असेल. शिडाखाली अडकली असेल. काहीही झालं तरी बोट सोडायची नाही, हे त्याला पहिल्या दिवशी शिकवलं होतं. त्यानं बोट सोडली. शिडाच्या कडेशी जाऊन तो ते दोन्ही हातांनी उचलू लागला. कापड ओलं, जड, हातातून निसटणारं. खाली बुडी मारायला गेला तर जॅकेट वर फेकत होतं. एका लाटेनं त्याला बाजूला नेलं, दुसरीनं अजून लांब. बघता बघता त्याच्यात आणि बोटीत दोन-तीन बोटींचं अंतर पडलं. तो हात मारत होता आणि मागे मागेच जात होता. तोंडात पाणी जात होतं. ती गेली, हे एकच त्याच्या डोक्यात होतं. आपण तिला आणलं आणि ती गेली.

"बाबा! बोट कशाला सोडलीस! इकडे ये!"

बोटीच्या पलीकडच्या बाजूनं, पोटावर चढून, ती ओरडत होती. तिला काही झालं नव्हतं. बोट उलटताना ती शिकवल्याप्रमाणे पलीकडे उतरली होती आणि तिथेच धरून होती.

त्याला परत येता येत नव्हतं. ती मोठ्या शिडाचा लांब दोर सोडवून, गोळा करून त्याच्याकडे फेकू लागली. पहिल्यांदा दोर वाऱ्यानं भलतीकडे नेला. दुसऱ्यांदा त्याच्या बोटांना लागून गेला. ती रडत होती आणि ओढून घेऊन पुन्हा फेकत होती. चौथ्यांदा त्याच्या हाती लागला. त्या एवढ्याशा हातांनी तिनं त्याला ओढून आणलं.

मग गारा सुरू झाल्या. दहा फुटांपलीकडचं दिसेना. दोघं बोटीच्या पोटाला धरून, गळ्यापर्यंत पाण्यात, डोकी खाली घालून राहिली. केयूरला बोलायचं होतं पण दात वाजत होते.

"दीदींनी खरंच पाठवलं होतं?" नूपुरनं विचारलं.

हो म्हटलं असतं तर कदाचित तिनं मानलंही असतं. निदान तेवढ्यापुरतं.

"नाही," तो म्हणाला. "मी खोटं बोललो."

"का?"

"तू आली नसतीस."

"नसतेच आले." गारा तिच्या केसांवरून घरंगळत होत्या. "आणि बंगळूर?"

"बंगळूरहून माणूस परत येतो," केयूर म्हणाला. "तू रोज विचारायचीस कधी येणारेस. मी येणारच नव्हतो. ते सांगायची हिंमत झाली नाही."

"मी कॅलेंडरवर रोज खूण करायचे. आईला कळू नये म्हणून पेन्सिलीनं."

"मला माहीत नव्हतं गं."

"तुला काय माहीत असतं?" ती म्हणाली. मग त्याच्याकडे न बघता म्हणाली, "मघाशी तू दिसेनासा झालास ना, तेव्हा आधी मला वाटलं, बरं झालं. खरंच वाटलं. मग मी ओरडायला लागले."

केयूरनं बोटीवरचा हात सरकवून तिच्या हाताशेजारी ठेवला. तिनं आपला काढून घेतला नाही, आणि त्याच्या हातावरही ठेवला नाही.

अर्ध्या तासानं गारा ओसरल्या तेव्हा मोटरबोटीचा आवाज आला. सुचित्रादींनी आधी नूपुरला वर घेतलं, मग त्याला. क्लबचा टॉवेल फक्त नूपुरला दिला.

देवयानी धक्क्यावर उभी होती, नखशिखांत भिजलेली. तिनं नूपुरला जवळ ओढलं, डोक्यापासून पायापर्यंत चाचपलं आणि सुचित्रादींवर कडाडली. "असल्या आभाळात पोरांना पाण्यावर सोडता तुम्ही? कुणी पाठवलं हिला?"

सुचित्रादींनी केयूरकडे पाहिलं. नूपुर खाली बघत होती. ती काही बोलणार नव्हती, हे त्याच्या लक्षात आलं. त्याला वाचवायला की त्याची परीक्षा बघायला, ते मात्र कळलं नाही.

"मी नेलं," केयूर म्हणाला. "दीदींनी सांगितलंय म्हणून खोटं सांगितलं. त्यांचा काही संबंध नाही. ढग मी पाहिला होता."

देवयानी त्याच्याकडे बघत राहिली. मग मराठीत, अगदी हळू आवाजात म्हणाली, "सुट्टीत पाठवीन म्हटलं होतं ना? ते विसर. तुला काय करायचं ते कोर्टात कर." ती नूपुरला धरून गाडीकडे निघाली.

"नूपुर," केयूरनं हाक मारली.

नूपुर थांबली. "तुम्ही कपडे बदला," ती म्हणाली. "थंडी वाजेल." आणि गाडीत बसली.

शुक्रवारी दुपारी त्यांचं विमान होतं. विमानतळावर येऊ नकोस, असा देवयानीचा मेसेज होता. केयूरनं रजा टाकली होती. सकाळभर तो घरात या खोलीतून त्या खोलीत फिरला. दोनदा टॅक्सी बोलावली आणि दोनदा रद्द केली. शेवटी बसनं क्लबला गेला. का, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

सुचित्रादी शेडमध्ये जमिनीवर बसून फाटलेलं मोठं शीड शिवत होत्या. गाळातून डोलकाठी काढताना ते शिवणीवर हातभर उसवलं होतं. त्यांनी त्याला आत यायला सांगितलं नाही आणि जायलाही सांगितलं नाही. जरा वेळानं दुसरी सुई त्याच्यापुढे टाकली.

"त्या टोकाकडून. जवळजवळ टाके घाला."

तो मांडी घालून बसला. नव्या चष्म्याची सवय नव्हती, आणि कापड इतकं चिवट की सुई रेटून रेटून अंगठ्याला भोकं पडली. पत्र्याखाली उकडत होतं. सव्वादोन झाले. विमान सुटलं असेल.

"बुधवारी आली होती," सुचित्रादी म्हणाल्या. "जॅकेट परत द्यायला."

केयूरची सुई थांबली. "काय म्हणाली?"

"माझ्या पाया पडली. सगळ्या बोटींना हात लावून आली. तुम्हाला परत घेणार का, विचारलं. मी नाही म्हटलं."

"मग?"

"मग म्हणाली, घेतलंत तर दोर त्यांच्या हाताला गुंडाळू देऊ नका. ते सोडत नाहीत."

"अजून काही?"

"नाही."

"माझ्याबद्दल अजून काहीच नाही बोलली?"

"नाही."

"आठवून बघा, दीदी. जाताना? गेटाशी?"

सुचित्रादींनी दाताखाली दोरा तोडला. त्या माणसाच्या तोंडाकडे बघवेना म्हणून की काय, त्या शिडाकडेच बघत होत्या. "मी परत घेणार नाही असं तिला सांगितलं. तुम्हालाही तेच सांगते. पाण्यावर खोटं बोलणारा माणूस मला इथे नको."

"बरोबर आहे," केयूर म्हणाला.

"टाके तिरके जातायत. उसवा ते."

त्यानं चार टाके उसवले. दोरा ओढून सरळ केला, सुईत पुन्हा ओवायला घेतला. एकदा चुकला, दुसऱ्यांदा चुकला. मग त्याचे खांदे हलायला लागले, आणि दोरा तसाच चिमटीत धरून तो शिडाच्या त्या पांढऱ्या कापडात तोंड खुपसून रडला. आवाज करून, लहान मुलासारखा. बाहेर धक्क्याला बांधलेल्या बोटी एकमेकींवर टकटक आपटत होत्या. सुचित्रादी आपल्या बाजूनं शिवत राहिल्या. बऱ्याच वेळानं, त्याचं रडणं थांबल्यावर, त्यांनी त्याच्या हातातून सुई घेतली, दोरा ओवला आणि सुई त्याच्या हातात परत दिली.